दारातली मोटार आणि चाकाचा ओरखडा

पूर्वी शेतकऱ्याच्या दारात बैलगाडी असे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात चाकाचे लाकूड आकसले की वरची लोखंडी धाव सैल होऊन खडखडू लागे. मग चाके उतरवून डोहात भिजत घालायची, लाकूड फुगले की पुन्हा चढवायची, तुंब्यात वंगण भरायचे, हे सारे घरचा कर्ता माणूस स्वतः करी. काम फारच पुढे गेले तर सुतार-लोहार. आता त्याच दारात मोटार उभी आहे. तिची निगा मात्र आपण दोनच तऱ्हांनी राखतो. एक तर “गॅरेजवाला बघेल” म्हणून वर्षभर तिच्याकडे ढुंकून पाहत नाही, नाहीतर रोज सकाळी कोरड्या फडक्याने घासघासून तिचा रंग आपल्याच हाताने उतरवतो. चाकाकडे दोन्ही तऱ्हेचे लोक पाहत नाहीत. पाहतात ते ओरखडा पडल्यावर, आणि तेव्हाही फक्त ओरखड्याकडेच.

असा एक ओरखडा गेल्या हिवाळ्यात मला पाहायला मिळाला. त्यातून बरेच काही निघाले, म्हणून हे लिहितो आहे.

हरभऱ्यावरच्या घाटे अळीची पाहणी करायला एका वस्तीवर गेलो होतो. कामगंध सापळे पाहून झाले, ओसरीवर चहा आला. अंगणात पांढरी मोटार उभी होती, आरशासारखी पुसलेली. घरात मात्र काहीतरी बिनसले होते. घरधनी बोलेनात. सूनबाई कप ठेवून मान खाली घालून आत गेल्या. शेवटी आजींनीच तोंड उघडले.

“साहेब, पंधरा दिसांमागं हिनं मला डोळे दाखवायला तालुक्याला नेलं. दवाखान्यापुढं गाडी लावताना गटाराच्या काठाला चाक घासलं. तवापासून किल्ली यांच्या खिशात. पोरगा नोकरीला पुण्यात. यांची मजल इथनं मार्केट यार्डापर्यंत, शहरात गाडी घालायला घाबरतात. आता माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. मला नेणार कोण?”

“नवी कोरी रिम,” घरधनी एवढेच म्हणाले.

मी म्हटले, “चला, चाक तरी बघू.”

पुढचे डावे चाक. नेहमी हेच घासते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या चाकाचा काठ त्याला कधीच दिसत नाही. नवशिक्यालाच नव्हे, वीस वर्षे स्टिअरिंग धरलेल्यालाही दिसत नाही. गाडी कडेला लावताना डावा आरसा थोडा खाली वाकवला तर मागचे चाक आणि गटाराचा काठ दोन्ही दिसू लागतात. एवढी एक सवय लागली तर निम्मे ओरखडे टळतील. दुसरे कारण हवेचे. टायरमध्ये हवा कमी असली की टायर दबतो आणि रिमची कड बाहेर उघडी पडते. मग काठाला टायरऐवजी रिमच आधी भिडते.

ओरखडा चार बोटे लांब होता. कडेवरचा रुपेरी रंग निघून आतला धातू पांढरा दिसत होता, बोट फिरवले तर कुसळासारखा टोचत होता. एवढ्यावरून घरात अबोला!

पण ओरखड्याला अगदीच किरकोळ म्हणून सोडून देऊ नये, तेही खरे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा तिची चाके पोलादी पत्र्याची होती. ॲम्बॅसडरची, पद्मिनीची, जीपचीही तशीच. आजही साध्या मोटारींना पोलादी चाकेच असतात आणि वरून प्लॅस्टिकची झाकणे. ओरखडा पडतो तो बहुधा त्या झाकणाला. नवे झाकण बसवले की काम झाले. महाग गाड्यांना अलॉय व्हील येते. अलॉय म्हणजे मिश्रधातू. ॲल्युमिनियममध्ये थोडे सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम घालून हे चाक ओततात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर लॅकरचा पारदर्शक थर. ओरखड्याने हा वरचा थर फाटतो. फाटलेल्या कडेतून ओल आत शिरते आणि रंगाच्या खालून सरकत जाते. काही महिन्यांनी तिथे पांढरी भुकटी दिसते, रंगाखाली किड्याने पोखरल्यासारख्या रेघा उठतात, आणि पापुद्रे निघू लागतात. पोलादी चाकावर हेच काम लाल गंज करतो. म्हणून ओरखडा बुजवायचा. केवळ शोभेसाठी नव्हे.

त्याच्या आधी एक काम असते आणि तेच बहुतेक जण टाळतात. चाक उतरवून त्याची आतली बाजू पाहायची. मी तसे म्हटल्यावर घरधन्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. घासले ते बाहेरून, मग आत काय बघायचे? तरी जॅक आणला.

चाक उतरवताना गाडी पक्क्या, सपाट जमिनीवर हवी. अंगण मातीचे असेल तर जॅकखाली जाड फळी घालावी. हँडब्रेक ओढावा आणि जे चाक काढायचे त्याच्या तिरकस समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावेत. नट आधी जमिनीवरच अर्धा फेरा सैल करावेत, मग गाडी उचलावी. जॅकवरच्या गाडीखाली हात किंवा डोके कधीही घालू नये. चाक काढल्यावर गाडी जॅकवर ताटकळत ठेवू नये, लगेच स्टेपनी चढवावी.

स्टेपनी काढायला डिकीतला गालिचा उचलला आणि आम्ही सगळेच गप्प झालो. स्टेपनीच्या खळग्यात पांढरे-तांबडे दाणे विखुरलेले, काही विरघळून चिकट झालेले, आणि पोलादी रिमवर गंजाची खवले. “पोटॅशची गोणी आणली होती जूनमध्ये,” घरधनी म्हणाले. त्यावर पुढे बोलतो. स्टेपनीत हवाही नव्हती. सूनबाईंनी पायपंप आणला आणि त्यांनीच भरली.

मग चाक ओसरीच्या पायरीला टेकवून आतली बाजू पुसली. आतल्या कडेला एका जागी रिम दाबून आत गेली होती, अंगठ्याएवढी. आणि बरोबर तिच्यासमोर टायरच्या बाजूवर लिंबाएवढा फुगा आला होता.

मी फुग्यावर हात ठेवला आणि म्हटले, “हे गटाराच्या काठाने झालेले नाही. गटार बाहेरच्या बाजूला होते.”

घरधनी बराच वेळ चाकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “दिवाळीच्या आधी रात्री यार्डातून येत होतो. मोरीच्या तोंडाला खड्डा चुकवताना दगडावरून चाक गेलं. आवाज मोठा झाला होता. सकाळी बाहेरून बघितलं, तर काही दिसलं नाही.”

सूनबाई काही बोलल्या नाहीत. फक्त त्यांनी मुलांकडे पाहिले. शाळेची दोन मुले रोज याच गाडीने सहा किलोमीटर जात होती.

टायरच्या बाजूवर फुगा येतो याचा अर्थ आतले धागे तुटलेले असतात. बाजूवर फक्त रबर उरते आणि हवा त्याला बाहेर ढकलते. वेगात, उन्हात, भरल्या गाडीत तो केव्हाही फुटतो. पुढचे चाक फुटले तर स्टिअरिंग एकदम एका बाजूला ओढले जाते. अशा टायरला पॅच नाही, ट्यूब टाकून चालवणे नाही, “चार दिवस जाऊ दे” नाही. टायर बदलायचा. बाजूला धागे दिसण्याइतकी चीर असली तरीही बदलायचा. नवा टायर त्याच मापाचा घ्यावा, आणि पुढच्या जोडीतला दुसरा टायर फारच झिजला असेल तर दोन्ही बदलावेत. विकत घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे पाहावेत. २३२४ असे असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. स्वस्तात मिळाला म्हणून दुकानात सहा-सात वर्षे पडून राहिलेला टायर घेऊ नये.

रिम वाकली आहे का, हे घरी पाहता येते. चाक जागेवर बसवून गाडी जॅकवर असतानाच हाताने चाक फिरवावे आणि एक काडी जमिनीवर टेकवून रिमच्या कडेजवळ स्थिर धरावी. काडी आणि रिम यांतले अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलेली आहे. तडा शोधण्याची जुनी युक्ती अशी. संशयाच्या जागी रॉकेल लावायचे, थोड्या वेळाने कोरडे पुसायचे आणि खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल पुडीवर रेघ काढते. हल्ली रॉकेल सहज मिळत नाही, डिझेलने काम भागते. मात्र रंगाखालचा तडा यात सापडेलच असे नाही, तेव्हा टायर उतरवल्यावर दुकानातही पाहून घ्यावे.

तडा गेलेले अलॉय चाक वेल्डिंग करून वापरू नये. काही ठिकाणी ते करून देतात आणि वरून रंग मारला की नव्यासारखे दिसते. पण या धातूला कारखान्यात ठराविक उष्णता देऊन ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती त्या जागी उतरते. गॅसची ज्योत लावून घणाने ठोकणे हेही तसेच. किंचित बाक असेल तर प्रेस मशीनवर हळूहळू सरळ करून देणारे कारागीर शहरात असतात. बाक मोठा असेल तर माझे मत विचाराल तर दुसरी रिम घ्यावी. पोलादी रिमची कड थोडी वाकली तर टायरवाला ती ठोकून सरळ करतो, त्याला हरकत नाही, तडा नसला म्हणजे झाले.

दुसऱ्या दिवशी गाडी स्टेपनीवर शहरात गेली. सूनबाईंनी चालवली, शेजारी घरधनी बसले. टायर नवा पडला. रिमला तडा नव्हता, बाक प्रेसवर निघाला, हवा धरली, बॅलन्सिंग झाले. अशा धक्क्यानंतर चाकांचे अलाइनमेंटही तपासून घ्यावे, नाहीतर नवा टायर एका बाजूने झिजतो. रविवारी मी पुन्हा गेलो ते ओरखड्यासाठी. हा क्रम ध्यानात ठेवावा. आधी टायर-रिमचे काम, मग रंग.

सामान फारसे लागत नाही. १२०, २४०, ४०० आणि ६०० नंबरचे पॉलिश पेपर, त्यातले शेवटचे दोन पाण्यात भिजवून वापरायचे वॉटर पेपर. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. धातूसाठी मिळणारी दोन भाग मिसळून लावायची लांबी, ॲल्युमिनियमला धरणारा एपॉक्सी प्रायमर, चाकाच्या रंगाचा स्प्रे आणि लॅकरचा स्प्रे. सगळे हजार-बाराशे रुपयांत बसते, आणि त्यात चारही चाकांचे ओरखडे निघतात. लोखंडी फाटकाला लावतो तो रेड ऑक्साइड पोलादी रिमला चालतो, अलॉयला नको, तो त्यावर नीट धरत नाही.

दिवस कोरडा आणि वारा नसलेला निवडावा. पावसाळ्यात हे काम काढूच नये, रंगाखाली ओल राहते. जागा सावलीची, मोकळ्या हवेची, चुलीपासून आणि विडी ओढणाऱ्यांपासून लांब. रंगाचा वास डोक्यात जातो आणि त्याची वाफ पेट घेते. तोंडाला मास्क बांधावा, मुलांना दूर ठेवावे.

आधी चाक शॅम्पूच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावे. मग ओरखड्याभोवतीची जागा सर्जिकल स्पिरिटने पुसावी. तेलाचा अंश राहिला तर रंग तिथे डोळे सोडतो. टायर झाकायला आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापल्या. जाड कागदाच्या पट्ट्या टायर आणि रिमच्या फटीत एकाशेजारी एक खोचल्या की रंग टायरवर जात नाही. घराघरात या पत्रिकांचा ढीग असतो, त्याचा एवढा चांगला उपयोग मला तरी दुसरा माहीत नाही.

कुसळे बारीक कानशीने अलगद काढावीत. मग १२० आणि २४० नंबरने ओरखडा व आजूबाजूचा बोटभर रंग घासावा, म्हणजे जुन्या रंगाची कड पायरीसारखी न राहता उतार होते. घासताना कागद लाकडाच्या तुकड्याभोवती गुंडाळला तर खड्डे पडत नाहीत. ओरखडा उथळ असेल तर लांबीची गरज नाही. खोल असेल तर लांबी पातळ थरात, एका दमात भरू नये. वाळली की ४०० नंबरने समतल करावी. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, डोळे मिटून बोट फिरवावे. बोटाला कड लागली तर रंगातून ती दुपटीने दिसते. या कामात सूनबाईंचा हात माझ्यापेक्षा चांगला निघाला. भाकरीच्या पिठाचा मऊपणा बोटाने ओळखणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

स्प्रे मारणे ही फवारणीच आहे आणि आपले शेतकरी त्यात तयार आहेत, फक्त एक सवय मोडावी लागते. औषध फवारताना पान ओले होईस्तोवर मारतो. इथे तसे केले की ओघळ आलाच. डबा दोन मिनिटे चांगला हलवावा. चाकापासून वीतभर अंतर धरावे, हात चाकाच्या बाहेर सुरू करून चाकावरून न थांबता पलीकडे न्यावा. पहिला हात इतका हलका की खालचे दिसत राहावे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. प्रायमर तासभर वाळला की ६०० नंबरच्या ओल्या कागदाने हलकेच घासावा, पुसून कोरडा करावा आणि मग रंगाचे तीन हात, शेवटी लॅकरचे दोन. ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नये. वाळू द्यावा आणि मग घासावा. दिवसभर हे चाक कशाला लागू देऊ नये, आठवडाभर त्याला साबण लावू नये.

चाक जिथे गाडीच्या हबला टेकते ती मागची जागा आणि नट बसतात ती भोके यांवर रंगाचा थेंबही जाऊ देऊ नये. तिथे रंग राहिला तर तो दाबाने चपटा होतो, नट सैल पडतात, आणि पुढे काय होईल ते सांगायला नको. नट कसताना शेजारशेजारचे न कसता समोरासमोरचे कसावेत, शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर द्यावा. पान्यावर उभे राहून नट कसणारे पहिलवान गावोगाव आहेत. त्यांना दूर ठेवावे, बोल्ट ताणून तुटतो. ५०-१०० किलोमीटर चालल्यावर नट एकदा पुन्हा तपासावेत.

हल्ली काही चाकांचा दर्शनी भाग लेथवर घासून चमकवलेला असतो, त्यात बारीक वर्तुळाकार रेघा दिसतात. त्याला डायमंड कट म्हणतात. ते चाक घरी दुरुस्त होत नाही, पुन्हा लेथवरच चढवावे लागते, आणि दर वेळी थोडा धातू जात असल्याने एक-दोन वेळांपेक्षा जास्त तेही करता येत नाही. ते तसेच ठेवून वरून लॅकर लावून ओल थांबवावी.

आता ते डिकीतले पोटॅश. आपल्या गाड्या म्हाताऱ्या होऊन मरत नाहीत, शेतीचा माल वाहून मरतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचे सख्खे भावंड. मीठ लोखंडाचे जे करते तेच हे करते. अमोनियम सल्फेट तसलेच. युरिया हवेतली ओल ओढून घेतो आणि पत्र्यावर चिखलासारखा बसून राहतो. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० ची, शिवण कुठेतरी उसवलेलीच असते. शक्यतो खत ट्रॉलीतून किंवा टेम्पोतून आणावे. मोटारीतूनच आणायचे झाले तर खाली ताडपत्री घालून तिच्या कडा वर मुडपाव्यात. सांडलेच तर आधी पाणी ओतू नये, विरघळलेले खत सांध्यांत शिरते आणि तिथे हात पोचत नाही. कोरडे असतानाच झाडून किंवा व्हॅक्यूमने ओढून काढावे, मग ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावे आणि डिकी उघडी ठेवून उन्हात वाळवावी. त्या घरची स्टेपनी आम्ही तारेच्या ब्रशने घासली, रेड ऑक्साइड लावला आणि वरून काळा रंग दिला. टायर बसण्याच्या जागी गंज चढला की ट्यूबलेस टायर तिथून हळूहळू हवा सोडतो आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. साबणाचे पाणी रिमच्या कडेला लावले की बुडबुडे दिसतात.

कीटकनाशके तर माणसांच्या गाडीत नकोतच. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही खाद्यपदार्थ किंवा पशुखाद्याशी थेट संपर्क येईल अशा रीतीने त्यांची वाहतूक करू नये असे आहे. बाजाराच्या पिशवीशेजारी औषधाची बाटली ठेवून आणणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. गाडीची शोभा राहू द्या, जीव आधी.

धुण्याविषयी थोडे. कोरड्या फडक्याने गाडी पुसणे म्हणजे तिला काचपेपर लावणे. धुळीत दगडाचे बारीक कण असतात आणि रंगावरचा लॅकर माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. उन्हात तिरकस पाहिले तर बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या आपल्याच हाताच्या. त्या घरची आरशासारखी मोटारही अशा रेघांनी भरलेली होती, मी तेव्हा बोललो नाही. आधी पाण्याने धूळ सोडवावी, मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत शॅम्पूचे पाणी, दुसरीत फडके खंगाळायला साधे. वरून खाली यावे, चाके शेवटी आणि त्यांचे फडके वेगळे. पुढच्या चाकांवर काळी पूड जास्त साठते, ती ब्रेकची झीज असते. जुना दातांचा ब्रश तिथे कामाला येतो. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या चाकांवर गार पाणी मारू नये, ब्रेकची डिस्क वाकण्याचा धोका असतो. बोअरचे पाणी क्षाराचे असते, उन्हात वाळले की पांढरे ठिपके उठतात. म्हणून सावलीत धुवावी आणि लगेच मऊ फडक्याने टिपून घ्यावी. कपड्याची पावडर आणि धुण्याचा सोडा नको. बाथरूमचे ॲसिड तर चाकाजवळ आणू नये. ॲल्युमिनियम आम्लातही विरघळते आणि सोडा-चुन्यासारख्या अल्कलीतही. डिझेलने पुसून चमक आणणे आणि टायरला जळके ऑइल फासणे या दोन्ही गोष्टी रबराच्या मुळावर येतात, वर धूळ चिकटते ती वेगळीच.

काळ्या रानातला चिखल मडगार्डच्या आत ओंजळभर साठतो आणि आठवडाभर ओल धरतो. गंज तिथूनच सुरू होतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोके असतात, ती चिखलाने बुजतात आणि दार आतून सडते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खराट्याच्या काडीने ती मोकळी करावीत. फुकटचे काम आहे.

गाडी उभी करायला सावली हवी, पण कुठली ते पाहावे. आंबा मोहोरावर असताना त्याखाली नको. तुडतुडे मोहोरातला रस शोषतात आणि मधासारखा चिकटा खाली गाळतात, त्यावर काळी बुरशी चढते. झाडावरच्या पानांना काळी पडलेली आपण पाहतो, तीच बोनेटवरही येते. पाखरांची विष्ठा तर लॅकर खाते. ती कोरडी खरवडू नये. ओले फडके पाच मिनिटे ठेवावे आणि उचलून घ्यावी. गोठ्याला लागून गाडी ठेवू नये. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया आणि तिथली ओल यांनी वायरींच्या तांब्यावर हिरवट चढते. आणि धान्याच्या कोठीजवळ ठेवली तर उंदीर बोनेटखाली संसार थाटतात. एका गावी वायरी कुरतडल्याचे बिल टायरच्या जोडीपेक्षा जास्त आलेले मी पाहिले आहे. चार दिवस गाडी हलली नाही तर बोनेट उघडून एकदा टकटक करावी.

चमक हवी असेल तर पॉलिश आणि वॅक्स यांतला फरक समजून घ्यावा. पॉलिश रंगाचा वरचा थर किंचित घासून काढते, म्हणून ते वर्षातून एकदा पुरे. वॅक्स थर चढवते, ते धुतलेल्या, थंड गाडीवर सावलीत तीन-चार महिन्यांनी लावावे. चाकांनाही लावावे, मग चिखल आणि काळी पूड नुसत्या पाण्याने निघते. दसऱ्याला गाडीची पूजा करतो तेव्हा झेंडूच्या माळेची तार बोनेटवर घासते, तिच्याऐवजी सुती दोरा घ्यावा. हळद-कुंकवाची बोटे संध्याकाळी पुसून टाकली तर डाग राहत नाही. पूजेला बाध येत नाही, मी गुरुजींना विचारले आहे.

आजींचे ऑपरेशन झाले. किल्ली आता ओसरीवरच्या खुंटीला असते. परवा त्या बाजूला गेलो तर उजव्या मागच्या चाकाला नवा ओरखडा दिसला. कोणी पाडला ते मी विचारले नाही. पायरीवर घरधनी बसले होते, शेजारी बादलीत वॉटर पेपर भिजत घातला होता आणि ते लग्नपत्रिका कापत होते.